पंचवीस मीटर सेंटर-फायरसाठी घेतलेलं वापरलेलं .३८ रिव्हॉल्व्हर: खरेदी, दुरुस्ती आणि मधले निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका क्लबमधल्या नेमबाजाचं आहे. ओळख पटू नये म्हणून त्यांचं नाव आणि ठिकाण गाळलं आहे, काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र झाला तसाच ठेवला आहे.

ते .२२ पिस्तुलाने २५ मीटरवर बरीच वर्षं खेळत होते आणि आता त्यांना सेंटर-फायर, म्हणजे बुडाच्या मधोमध प्रायमर (पेटवणारी टोपी) असलेल्या काडतुसांच्या, स्पर्धेत उतरायचं होतं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांप्रमाणे या स्पर्धेत ६० शॉट्स असतात. पहिले ३० प्रिसिजनचे, म्हणजे ५ मिनिटांत ५ शॉट्स अशा ६ सिरीज. नंतरचे ३० रॅपिडचे. तिथे लक्ष्य ७ सेकंद आड असतं आणि ३ सेकंद समोर येतं, त्या तीन सेकंदांत एकच गोळी झाडायची. कॅलिबर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरच्या दरम्यान हवं, बॅरल १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, वजन १४०० ग्रॅमच्या वर नको आणि ट्रिगरला किमान १००० ग्रॅम भार पेलता आला पाहिजे.

रॅपिड म्हटलं की रिव्हॉल्व्हर मागे पडेल, असं बहुतेकांना वाटतं. पण दर वेळी एकच गोळी झाडायची असते आणि मधल्या सात सेकंदांत अंगठ्याने घोडा चढवायला पुरेसा वेळ मिळतो. त्यामुळे प्रत्येक शॉट सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये, हलक्या आणि आखूड ट्रिगरवर झाडता येतो. शिवाय .३८ स्पेशलची १४८ ग्रेनची वॅडकटर गोळी ही खास कागदी लक्ष्यासाठीची गोष्ट आहे. तिचं नाक सपाट असतं, त्यामुळे ती कागद न फाडता गोल, स्वच्छ भोक पाडते. सौम्य लोड असल्याने धक्काही थोडाच बसतो. रिव्हॉल्व्हरचा विचार इथून सुरू झाला.

पुढे आलेली दोन रिव्हॉल्व्हर

दोन्ही स्मिथ अँड वेसनची मॉडेल १४ होती. के-३८ या नावाने आधीपासून बनणाऱ्या टार्गेट रिव्हॉल्व्हरला कंपनीने १९५७ मध्ये हा मॉडेल क्रमांक दिला. एकाचं बॅरल ८⅜ इंचांचं, ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा रंग) आरशासारखं, लाकडी ग्रिप जणू नवी. दुसरं ६ इंचांचं. त्याचा रंग कडांना उडालेला, बॅरलच्या आत काळपट आणि एका स्क्रूचं डोकं बोथट झालेलं.

नेमबाजाचं मन साहजिकच पहिल्यावर बसलं. पण ८⅜ इंच म्हणजे २१३ मिलिमीटर, आणि या स्पर्धेत ते चालत नाही. ६ इंच म्हणजे १५२.४. मर्यादेच्या आत, तेही अर्ध्याहून थोड्या जास्त मिलिमीटरने. या एका आकड्यावर पहिला निर्णय झाला. खरेदीला निघण्याआधी नियमपुस्तिका वाचली असती तर लांब नळीचं रिव्हॉल्व्हर बघण्यात गेलेला वेळ वाचला असता. पण बघितल्यावर मोह होतो आणि मोह झाल्यावर माणूस नियमात पळवाट शोधू लागतो. इथे तसं झालं नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत त्यांनी घाई केली नाही. परवानगी हातात येईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, व्यवहार अधिकृत विक्रेत्यामार्फतच करायचा आणि शस्त्र विक्रेत्याच्याच ताब्यात ठेवून तपासायचं, हे आधी ठरलं. हत्यार उघडून आतले भाग बदलण्याचं काम बऱ्याच ठिकाणी फक्त अधिकृत आर्मररनेच करायचं असतं, त्यामुळे तपासणीला आर्मररना सोबत नेलं. त्यांनी सर्वांत आधी अनुक्रमांक पाहिले. बटावर (मुठीच्या तळाला), बॅरलच्या खालच्या अंगाला आणि सिलिंडरच्या पाठीवर असे तिन्ही जुळत होते. सिलिंडर कुणी मागाहून बदललेला नाही, याचा हा पुरावा होता.

अडचण: तपासणीत काय सापडलं

सिलिंडरमधले सहाही चेंबर, म्हणजे काडतुसांची भोकं, डोळ्यांनी पाहून, बोट घालून चाचपून रिकामे असल्याची खात्री केल्यावर तपासणी सुरू झाली.

पहिली शंका बॅरलची होती. विकणाऱ्याचं स्वतःचंच म्हणणं होतं की बॅरल "गेलेलं" आहे. आर्मररनी परवानगी घेऊन फोर्सिंग कोनपासून (बॅरलच्या मागच्या निमुळत्या तोंडापासून) ब्राँझचा ब्रश फिरवला, तेव्हा कापडावर करडे पापुद्रे येऊ लागले. ते शिसं होतं. शिशाच्या गोळ्या वर्षानुवर्षं झाडून कुणी नीट साफ केलं नाही की गोळी जिथे बॅरलमध्ये शिरते तिथे हा थर साचतो आणि खालचे आटे, म्हणजे बॅरलच्या आतल्या सर्पिल खोबणी, दिसेनासे होतात. पितळी जाळीचा तुकडा रबरावर गुंडाळून तो फोर्सिंग कोनमधून ओढल्यावर पाचही खोबणी स्वच्छ दिसल्या. मध्यावर गंजाचे एकदोन बारीक खड्डे होते, पण फुगवट्याची काळी रिंग कुठेच नव्हती. ती दिसली असती तर तिथेच विषय संपला असता. फुगलेलं बॅरल दुरुस्त होत नाही, ते बदलावं लागतं.

शिसं काढायला व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वापरायचा सल्ला अनेक जण हौसेने देतात. त्यातून विषारी, विरघळणारं शिसं तयार होतं आणि पोलादही खाल्लं जातं. इथे तो मार्ग घेतला नाही.

दुसरी तपासणी सिलिंडरच्या पुढेमागे हलण्याची. सिलिंडर मागे दाबून धरला तेव्हा बॅरल आणि सिलिंडरमधल्या फटीत ०.०१० इंचाचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जात होतं. पुढे दाबला की जेमतेम ०.००४ चं. म्हणजे सिलिंडर ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर, पुढेमागे खेळत होता. याला एंड-शेक म्हणतात. टार्गेट रिव्हॉल्व्हरमध्ये तो याच्या निम्म्याहून कमी हवा.

तिसरी तपासणी टायमिंगची, आणि या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा दोष तिथे सापडला. घोडा पूर्ण चढण्याआधी खालचा सिलिंडर-स्टॉप सिलिंडरच्या खाचेत टक् करून बसला पाहिजे. सिलिंडरवर बोटाने किंचित अडसर ठेवून घोडा हळूहळू मागे घेतला, तेव्हा पाच चेंबर वेळेवर बसले आणि एक नाही. घोडा चढला तरी सिलिंडर केसभर आधीच थांबलेला होता. घोडा झपकन मागे ओढला की हा दोष दिसत नाही, कारण सिलिंडर स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन बसतो. घेणाऱ्याला दाखवताना बहुतेक जण घोडा झपकनच ओढतात. मुद्दाम असं नाही, सवयच असते.

चौथी गोष्ट धोक्याची होती. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा चढवून त्यावर मागून अंगठ्याने दाब दिला, तर ट्रिगरला हात न लावता घोडा पडला. घोड्यातल्या सिंगल-अ‍ॅक्शनच्या खाचेवर कुणीतरी दगड घासला होता. ट्रिगर मोजला तर ८०० ग्रॅमच्या आसपास भरला. म्हणजे तो असुरक्षित तर होताच, स्पर्धेच्या वजन-तपासणीतही बाद झाला असता. भरीला, मेनस्प्रिंगला ताण देणारा ग्रिपखालचा स्ट्रेन-स्क्रू सैल केलेला होता. ट्रिगर हलका करण्याचा हा स्वस्त मार्ग आहे. त्याने घोड्याचा ठोका मंदावतो आणि कडक प्रायमर पेटत नाहीत.

यातला एकही दोष बनावटीचा नव्हता. थोडी झीज आणि बाकी आधीच्या मालकाची हौस.

पर्याय

तीन वाटा होत्या. पहिली, सोडून देऊन दुसरं शोधायचं. दुसरी, जसं आहे तसं घेऊन फक्त घोडा बदलायचा आणि खेळायला लागायचं. तिसरी, पूर्ण नूतनीकरण: बॅरल एक आटा मागे घेऊन फट कमी करणं, नवं ब्लूइंग, नवा घोडा, नवे साइट (नेम धरायच्या खुणा).

सोडून देण्याच्या बाजूने युक्तिवाद भक्कम होता. घोडा आपोआप पडणारं हत्यार कुणी का घ्यावं? पण आर्मररचा हिशेब वेगळा होता. बॅरल, सिलिंडर आणि फ्रेम हे तीन मुख्य भाग निरोगी होते. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर गरम वायूने पडलेली खाच नावापुरती होती आणि क्रेनही, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाहेर उघडतो तो हात, सरळ होती. (चित्रपटात मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करतात, त्याने नेमकी ही क्रेन वाकते. इथे कुणी तो शौक केलेला नव्हता.) बिघडलेलं सगळं बदलता येण्याजोगं होतं. आटे झिजलेलं बॅरल किंवा ताणलेली फ्रेम असती तर उत्तर उलट आलं असतं.

दुसऱ्या वाटेचा मोह नेमबाजाला झाला आणि त्यांचा युक्तिवाद हुशारीचा होता. सिरीज पाच शॉट्सची असते आणि चेंबर सहा. मग उशिरा येणारा तो एक चेंबर कायमचा रिकामा ठेवला तर काय बिघडलं? त्या चेंबरवर बॉलपेनने खूण करायची आणि उरलेल्या पाचांत गोळ्या भरायच्या.

आर्मरर म्हणाले, "अहो, पाचपुरतं जमेल. पण झिजलाय तो हँड, आणि सहाही चेंबर तोच फिरवतो. आज हा उशिरा येतोय, उद्या शेजारचा येईल. तेव्हा खूण कुठे कुठे करणार?"

हँड म्हणजे सिलिंडर फिरवणारा आतला अंकुश. चेंबर बॅरलच्या रेषेत आला नाही तर गोळी फोर्सिंग कोनच्या कडेला घासते, शिशाचे कण बाजूला उडतात आणि शेजारच्या लेनवरच्या माणसापर्यंत पोहोचतात. चेंबर रिकामा ठेवण्याची कल्पना कागदावर बिनचूक होती, पण तिने रोगावर काहीच केलं नसतं. ती तिथेच बाजूला पडली.

तिसऱ्या वाटेतली काही कामं घ्यायची आणि काही सोडायची, असं ठरलं. कोणती सोडायची यावरच सर्वांत जास्त चर्चा झाली.

काय केलं

क्रम असा ठरला: आधी सुरक्षितता, मग लॉक-अप (सिलिंडर जागेवर घट्ट बसणं), मग ट्रिगर आणि साइट, रंग शेवटी. आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजायचं.

आर्मररनी घोडा बदलून घेतला. जुन्या घोड्याची खाच पुन्हा घासून धार आणता येईल का, असं नेमबाजाने विचारलं होतं. पण या भागांचा कडकपणा फक्त वरच्या पातळ थरात असतो. तो थर घासून गेला की खाली मऊ पोलाद लागतं आणि कितीही सुबक खाच केली तरी ती लवकर झिजते. नवा घोडा ट्रिगरशी जुळवला, स्ट्रेन-स्क्रू पूर्ण कसला आणि ट्रिगर ११०० ग्रॅमच्या थोडा वर ठेवला. नियमाच्या हजार ग्रॅमला अगदी चिकटून ठेवला नाही, कारण स्पर्धेच्या दिवशी वजन उचलताना ते सुटलं तर खेळायला मिळत नाही.

साइड-प्लेट, म्हणजे फ्रेमच्या बाजूचं झाकण, उघडण्याची रीत सांगण्यासारखी आहे. स्क्रू काढल्यावर प्लेटच्या फटीत काही खुपसून ती उचकटायची नसते. ग्रिप-फ्रेमवर प्लास्टिकच्या मुठीने हलके ठोके दिले की ती कंपनाने आपोआप वर येते. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घातल्याच्या खुणा असलेली रिव्हॉल्व्हर बाजारात भरपूर दिसतात. स्क्रूसाठीही खाचेत पूर्ण बसणारं, समांतर बाजूंचं पातं लागतं. नेहमीचं निमुळतं पातं वर चढतं आणि डोकं खराब करतं. तो बोथट स्क्रू असाच झालेला असणार.

हँड किंचित जाड बसवला. उशिरा येणाऱ्या चेंबरला पुरेल एवढा जाड केला की इतर काही चेंबर घट्ट होतात, म्हणून रॅचेटचे (सिलिंडरच्या मागच्या दातेरी भागाचे) त्या चेंबरचे दात मग थोडे थोडे उतरवावे लागतात. आर्मररना सर्वांत जास्त वेळ इथेच लागला. हे काम घाईत केलं तर घट्ट झालेल्या चेंबरवर घोडा चढवताना अंगठ्याला अडखळल्यासारखं वाटतं, आणि रॅपिडच्या सात सेकंदांत तेवढ्यानेही लय तुटते.

एंड-शेकसाठी क्रेनच्या नळीच्या टोकावर ०.००२ इंचाच्या दोन पातळ चकत्या घातल्या. एंड-शेक ०.००२ वर आला. पण चकत्या सिलिंडरला मागे ढकलतात, त्यामुळे फट आता ०.००८ ते ०.०१० इंच झाली, म्हणजे आधी कधीकधी होती त्याहून मोठी. इथे दुसरा मोठा निर्णय आला: बॅरल मागे घ्यायचं का? त्यासाठी बॅरल फ्रेममधून काढून त्याचा खांदा लेथवर कमी करायचा, फोर्सिंग कोन पुन्हा कापायचा आणि एजेक्टर रॉडची (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांडीची) लांबीही जुळवायची. फट कमी झाली की थोडा वायू वाचतो आणि वेग थोडा वाढतो. पण सौम्य वॅडकटर २५ मीटरवर झाडताना त्या वाढीव वेगाचा उपयोग काय? फट मान्य मर्यादेत होती आणि मुख्य म्हणजे आता एकसारखी होती. शॉटागणिक बदलणारी फट गुणांना मारक ठरते. बॅरलला हात लावला नाही.

मध्येच एक छोटा घोळ झाला. सिलिंडर उघडायला अडकू लागला. एजेक्टर रॉड आट्यांतून सैल होऊन पुढच्या लॉकिंग-बोल्टला टेकत होता. सैल रॉड म्हणून नेमबाज तो नेहमीप्रमाणे उजवीकडे फिरवणार होते. पण १९६० च्या सुमारास कंपनीने या रॉडचे आटे डावे केले, झाडताना तो सुटू नये म्हणून, आणि हे रिव्हॉल्व्हर त्यानंतरचं होतं. कसताना चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या घातल्या, नाहीतर सगळा जोर एक्स्ट्रॅक्टरच्या बारीक खुंट्यांवर येतो.

साइटचं काम किरकोळ होतं. मागच्या साइटचं पातं आडवं हलत होतं, ते बदललं. पुढच्या साइटवर कुणी फासलेला लाल रंग काढून तो पुन्हा मंद काळा केला. २०० मिलिमीटर व्यासाच्या काळ्या वर्तुळाखाली लाल टोक ठेवून नेम धरणं म्हणजे डोळ्यांना विनाकारण काम.

राहिला रंग. नेमबाजाला नवं हॉट-ब्लूइंग हवं होतं. त्यासाठी आधी पॉलिश करावं लागतं आणि पॉलिशमध्ये कडा गोल होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात. त्या अक्षरांत अनुक्रमांकही येतो, आणि तो पुसट झाला तर कायद्याच्या दृष्टीने नवीच आफत ओढवते. ते सोडून दिलं. ग्रिपखाली मात्र लाल गंज होता. तेल पूर्ण काढून तेवढा भाग उकळत्या पाण्यात ठेवला, तेव्हा लाल ऑक्साइडचं काळं ऑक्साइड झालं. मऊ तारेने सैल भुकटी झाडली आणि तेल लावलं. आता ते अंग गर्द काळं दिसतं, आणि ग्रिप चढल्यावर कुणाला दिसतही नाही.

निकाल

घेण्याआधी आणि काम झाल्यावर, दोन्ही वेळा रेंजवर टेकू देऊन २५ मीटरवर झाडून पाहिलं. प्रत्येक चेंबरला क्रमांक दिला होता आणि प्रत्येकाचा गट वेगळ्या कागदावर घेतला होता. आधीच्या कागदांत पाच चेंबरचे गट एकमेकांवर पडत होते आणि उशिरा येणाऱ्याचा गट खाली डावीकडे सरकलेला होता. कामानंतर सहाही चेंबरचे शॉट्स एका कागदावर घेतले तर ते ५० मिलिमीटरच्या, म्हणजे दहाच्या, वर्तुळात मावले. वॅडकटरने पाडलेल्या भोकांच्या कडा इतक्या स्वच्छ होत्या की गुणांबद्दल वाद घालायला जागाच उरली नाही.

स्पर्धेत प्रिसिजनचे गुण लगेच सुधारले. रॅपिडचे फारसे नाहीत. त्याचं कारण रिव्हॉल्व्हरमध्ये नव्हतं. जुनी अरुंद ग्रिप घोडा चढवताना मुठीत फिरायची आणि दर शॉटला पकड नव्याने बसायची. ट्रिगर-गार्डच्या मागची पोकळी भरणारी ग्रिप लावल्यावर ते बरंच कमी झालं.

वेगळं काय करता आलं असतं

ग्रिप आधी घ्यायला हवी होती. ते एकच काम कुठलंही हत्यार न उघडता होणारं आणि परत फिरवता येणारं होतं, तरी ते सगळ्यांत शेवटी झालं, कारण ग्रिप हा सजावटीचा भाग समजला गेला.

चेंबरचे थ्रोट, म्हणजे गोळी चेंबरमधून बाहेर पडते ती तोंडं, पिन-गेजने खरेदीआधीच मोजता आले असते. ते नंतर मोजले गेले आणि सुदैवाने सहाही ०.३५७ ते ०.३५८ इंचांत निघाले. बॅरलच्या खोबणीपेक्षा ते अरुंद असते तर गोळी आधी दाबली जाऊन बॅरलमध्ये सैल पडली असती. मग शिसं पुन्हा साचलं असतं आणि हँडवर घेतलेल्या मेहनतीचं चीज झालं नसतं. माझ्या मते ही चाचणी फीलर गेजच्या बरोबरीने, पहिल्याच दिवशी व्हायला हवी.

बॅरल मागे घेण्याचा प्रश्न अजून उघडा आहे. आर्मरर प्रत्येक हंगामाआधी फट आणि एंड-शेक मोजून वहीत लिहितात. फट ०.०१२ इंचांकडे सरकली किंवा तिसरी चकती घालायची वेळ आली तर बॅरल काढायचं, असं दोघांत ठरलं आहे.